रोमक नाणे आणि सावित्रीचे खोरे

कोकणातील प्राचीन बंदरांचा विचार करताना अभ्यासकांस प्रथम आठवतात ती शूर्पारक, कल्याण आणि चौल. या मालिकेत महाडचे नाव सहसा घेतले जात नाही. १९२७ सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने महाड सर्वतोमुखी झाले, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या तळ्यापासून थोड्याच अंतरावर, गांधारी नदीच्या काठी असलेल्या पाले गावाच्या डोंगरात, सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघ नांदत होता. त्याच्या निवासासाठी खोदलेली लेणी आज गांधारपाले लेणी म्हणून ओळखली जातात. एवढ्या मोठ्या लेणीसमूहास पोसणारे उपासक कोण होते, त्यांचा चरितार्थ कशावर चाले, आणि त्यांच्या हाती कोणते नाणे खेळत होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गदर्शक ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बाजारपेठांची नावे ओळीने दिलेली आहेत. सेमिल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझिगारा असा तो क्रम आहे. सेमिल्ला म्हणजे चौल, याविषयी फारसे दुमत नाही. मंदगोरा म्हणजे कुडा लेण्यांजवळील मांदाड, असे अनेक विद्वान मानतात. पालैपत्मै म्हणजे महाडजवळील पाले, असे एक मत असून दुसऱ्या मतानुसार ते दाभोळ होय. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने ज्यास ‘बालिपत्न’ म्हटले तेही हेच स्थान असावे, असे मानले जाते. वाचकांच्या लक्षात येईल की, पालेच्या बाजूने दिला जाणारा पुरावा मुख्यतः दोन गोष्टींवर उभा आहे : नावाचे साम्य आणि लेण्यांचे सान्निध्य. नावाचे साम्य हा पुरावा मोहक असतो, पण तो एकट्याने भार पेलू शकत नाही. ‘पालैपत्मै’ पाले होते की दाभोळ, याचा निर्णय व्हायचा असेल तर तो जमिनीतून येणाऱ्या वस्तूंवरूनच होईल, आणि म्हणूनच नाणी व लहानसहान प्राचीन वस्तू गोळा करण्याचा छंद या खोऱ्यात केवळ छंद उरत नाही.

पाले येथे बंदर असणे भौगोलिकदृष्ट्या अशक्य मुळीच नव्हते. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते व होड्या सावित्रीतून आत येत, आणि महाड ही अगदी अलीकडच्या काळापर्यंत घाटाखालची मालाची पेठ होती. महाडहून वरंध घाटाने भोरकडे वाट जाते. पोलादपूरहून पार घाटाने महाबळेश्वरच्या पठारावर चढून पुढे वाई आणि कऱ्हाडकडे उतरता येते. वाईजवळ लोहारे येथे आणि कऱ्हाड येथे बौद्ध लेणी आहेत, तर खाली सावित्रीच्या खोऱ्यात पाले आणि कोळ येथे आहेत. समुद्राचे मीठ आणि परदेशी माल वर जाणे, घाटावरचे धान्य व कापड खाली येणे, आणि त्या वाटेवर वर्षावासासाठी संघाला आश्रय मिळणे, हे चित्र पश्चिम महाराष्ट्रात जुन्नर, कार्ले, नाशिक अशा सर्वच ठिकाणी दिसते.

पालेच्या शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे नमूद आहे. लेखातील ‘ओवरक’ हा शब्द आपल्या ओवरीचा पूर्वज होय. येथील दुसऱ्या लेखात एका श्रेष्ठीच्या पुत्राचे दान आहे. कोळ येथील लेण्यांतही श्रेष्ठीचे दान कोरलेले आहे. राजकुलातील एक आणि व्यापारी कुळातील बाकीचे, ही दात्यांची विभागणी बोलकी आहे.

आता नाण्यांकडे वळू. रोमक साम्राज्यातून भारतात आलेल्या नाण्यांत ऑगस्टस व टायबेरियस या दोन सम्राटांची चांदीची ‘दिनारियस’ आणि पहिल्या दोन शतकांतील सोन्याची ‘औरेयस’ ही प्रमुख होत. औरेयसचे वजन आरंभी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असे. इ.स. ६४ मध्ये नीरोने ते सुमारे ७.३ ग्रॅमवर आणले आणि चांदीच्या नाण्याचे वजनही कमी करून सुमारे ३.४ ग्रॅम केले. एका औरेयसचे पंचवीस दिनारियस होत. यांतील दिनारियस शब्द आपल्या भाषांत ‘दीनार’ होऊन रुळला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात तो येतो. सांची येथील गुप्त संवत ९३, म्हणजे इ.स. ४१२ च्या सुमाराच्या लेखात तेथील विहारास पंचवीस दीनार दान दिल्याची नोंद आहे. गंमत अशी की, रोममध्ये चांदीच्या नाण्याचे असलेले नाव येथे सोन्याच्या नाण्यास चिकटले.

ही नाणी सर्वाधिक संख्येने सापडतात ती तमिळनाडू, केरळ व आंध्र या भागांत. पुदुकोट्टई येथे १८९८ साली सापडलेल्या एकाच निधीत पाचशेहून अधिक सुवर्णनाणी होती आणि त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव घातलेला होता. त्या मानाने महाराष्ट्रात रोमक नाणी विरळ आहेत. १८४० साली सोलापूरकडील दारफळ येथे सेप्टिमियस सेव्हेरस आदी सम्राटांची सुवर्णनाणी सापडली, असे काही निधी सोडले तर बाकी सुटी नाणीच आहेत. मग ज्या किनाऱ्यावर एवढा व्यापार चालला तेथे नाणी का नाहीत ?

याचे उत्तर एकपदरी नाही. ‘पेरिप्लस’चा कर्ता सांगतो की, भरुकच्छ येथे सोन्याचांदीचे दिनारियस आणले तर स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा होतो. म्हणजे नाणे हे तेथे चलन नव्हते, तर माल होते. तोच ग्रंथ असेही सांगतो की, कल्याण हे पूर्वी राजमान्य बंदर होते. पुढे ते अडविले गेले आणि तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भरुकच्छास नेली जात. हा काळ क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाचा. क्षत्रपांच्या राज्यात परदेशी चांदी आटवून स्थानिक नाणी पाडली जात असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर रोमक चांदी नाहीशी झालेली नसून ती नहपानाच्या मुद्रेखाली दडलेली आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची सुमारे तेरा हजार चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नहपानाच्या या नाण्यांवर राजाच्या मुखाभोवती ग्रीक लिपीतील अक्षरे आहेत, भाषा मात्र प्राकृत आहे. हातात धरावयास इतके लहान, सुमारे दोन ग्रॅम वजनाचे हे नाणे ग्रीक लिपी, शक राजा, प्राकृत भाषा आणि सातवाहनांचा विजय या चारही गोष्टी एकत्र सांगते.

येथे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील उषवदाताचा लेख आठवल्याशिवाय राहत नाही. नहपानाचा हा जावई सत्तर हजार कार्षापण दान दिल्याचे सांगताना त्याची किंमत दोन हजार सुवर्ण देतो, म्हणजे एका सुवर्णास पस्तीस कार्षापण हा दर. नहपानाचे स्वतःचे सोन्याचे नाणे ज्ञात नाही. तेव्हा हा ‘सुवर्ण’ कुषाणांचा की रोमचा, यावर विद्वानांत वाद आहे. घटकाभर तो औरेयस होता असे धरू. पस्तीस कार्षापणांची चांदी सुमारे सत्तर ग्रॅम भरते. रोममध्ये तेवढ्याच सोन्यासाठी पंचवीस दिनारियस, म्हणजे सुमारे पंचाऐंशी ग्रॅम चांदी मोजावी लागे. धातूच्या शुद्धतेचा हिशेब येथे बाजूला ठेवला आहे, हे खरे. तरीही चांदी घेऊन येथे येणे व्यापाऱ्याला का परवडत असेल, याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते.

त्याच लेण्यातील दुसरी नोंद बौद्ध वाचकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. उषवदाताने संघास तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली. त्यांतील दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. शिलालेखातील हिशेब दोन हजार वर्षांनीही जुळतो, हे पाहून कोणत्याही अभ्यासकास समाधान वाटेल.

विनयानुसार भिक्खूने ‘जातरूपरजत’, म्हणजे सोनेरूपे, स्वीकारणे निषिद्ध आहे. वैशाली येथील दुसऱ्या संगीतीस जी दहा प्रकरणे कारण झाली त्यांत वज्जी भिक्खूंनी उपासकांकडून कार्षापण गोळा करणे हेही एक होते. अक्षयनीवीत मुद्दल श्रेणीकडे राहते आणि संघाकडे पोहोचतो तो त्याचा उपयोग. दानाची ही रीत विनयाशी कितपत जुळते यावर चर्चा होऊ शकेल. परंतु लेण्यांच्या परिसरात नाणे सापडले म्हणजे भिक्खू धनसंचय करीत होते, असा जो उथळ निष्कर्ष काही वेळा काढला जातो, त्याला या लेखाने उत्तर मिळते.

रोमक नाणे क्वचित मिळत असले तरी रोमक व्यापाराच्या लहान खुणा महाराष्ट्रात भरपूर आहेत, आणि त्या नाण्यांहून अधिक बोलक्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा एक संचय सापडला. त्यात पॉसायडन या सागरदेवतेची वीतभर उंचीचीही नसलेली सुबक मूर्ती होती. ती आता कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. त्यानंतर ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. भोकरदन आणि तेर येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. त्यांच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात ती त्यापूर्वीच पोहोचली असली पाहिजे. म्हणून तेर आणि भोकरदनच्या मूर्तींनाही कालमर्यादेचा एक आधार मिळाला.

तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर. तेथे मातीच्या चकत्या सापडतात. टायबेरियसच्या नाण्याचा ठसा मातीवर उठवून, वर भोक वा कडी ठेवून त्या बनविलेल्या आहेत. सामान्य माणसाला परदेशी सुवर्णनाणे परवडत नसे. त्याची मातीची प्रतिकृती मात्र गळ्यात घालता येत असे. आपल्या पुतळीच्या माळेचा इतिहासही याहून फार निराळा नाही. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर मानवी आकृत्या होत्या म्हणून मराठी माणसाने त्या नाण्यास ‘पुतळी’ म्हटले आणि बायकांच्या गळ्यात ती माळ आली. व्हेनिसचे राज्य लयास गेले तरी सोनार पुतळ्या घडवीतच राहिला. परदेशी नाणे येथे आले की त्याचा दागिना होतो, ही सवय दोन हजार वर्षांची आहे, आणि नाणेसंग्राहकाने सराफाच्या दुकानाकडे लक्ष का ठेवावे याचेही हेच कारण.

तेरच्या या वस्तू आज पाहावयास मिळतात त्या प्रामुख्याने रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. तेरचेच रहिवासी व व्यापारी असलेल्या लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून पावसाने उघड्या पडणाऱ्या आणि लोकांनी आणून दिलेल्या हजारो वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. त्या संग्रहातून त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथे उभे आहे. माझ्या मते संग्रहाचा हा सर्वोत्तम प्रकार होय. लामतुरे यांनी जगभरची नाणी विकत घेतली नाहीत, आपले एक गाव सांभाळले. त्यामुळे संग्रहातील प्रत्येक मणी ‘तेरचा’ आहे, आणि हे एकच विशेषण त्याला संशोधनात स्थान देते.

याउलट, नाण्यांच्या प्रदर्शनात विकत घेतलेले रोमक नाणे अस्सल असूनही मुके असते. बाजारात मिळणारी चौथ्या-पाचव्या शतकातील लहान तांब्याची रोमक नाणी मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतील करूर, मदुराई या भागांतून येतात, तर काही थेट युरोपातून. ते नाणे महाडच्या बाजारपेठेत कोणी विकले म्हणून ते महाडचे ठरत नाही. कोणी हौशी गृहस्थ उद्या असे नाणे पुढे करून ‘पालैपत्मै सिद्ध झाले’ असे म्हणू लागला, तर पालेचा पक्ष बळकट न होता दुबळाच होईल. ओतीव नकली नाण्यांचा प्रश्न तर वेगळाच आहे. अस्सल नाणे ठशाखाली ठोकून पाडलेले असते. ओतीव नकलेच्या कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे भिंगाखाली बहुधा दिसतात.

संदर्भ सुटल्याने काय गमावले जाते याचे उदाहरण सोपाऱ्याच्या स्तूपावरून घेता येईल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उघडला. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती निघाल्या. त्याच स्तूपातून यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. नाणे दुसऱ्या शतकातील, तर कांस्यमूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जातात. याचा अर्थ, स्तूप पुढे कधीतरी श्रद्धेने पुन्हा उघडला गेला आणि त्यात नव्याने मूर्ती ठेवल्या गेल्या. सहा-सात शतकांचा अखंड धम्मव्यवहार या दोन वस्तूंच्या एकत्र असण्याने उघड होतो. चोरट्यांनी तो स्तूप फोडला असता तर मूर्ती एका हाती आणि नाणे दुसऱ्या हाती गेले असते, आणि हे वाक्य कोणालाही लिहिता आले नसते.

महाड-पोलादपूर भागात ही हानी वेगळ्या मार्गाने होते. तेरसारखी पांढरीची उघडी टेकाडे येथे नाहीत. जुनी वस्ती आजच्या गावांखाली वा भातखाचरांखाली असणार. पाऊस प्रचंड, उतार तीव्र. जुलै २०२१ च्या महापुराने महाड बुडाले, त्याच वेळी तळिये येथे दरड कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर नदीतील गाळ काढणे, रस्ते रुंद करणे, घरे नव्या जागी बांधणे ही कामे निकडीची असतात आणि त्यांस कोणी विरोध करू नये. मात्र त्या कामांत यंत्राने उपसलेली माती हीच या खोऱ्यातील पुरातत्त्वाची एकमेव उघडी पाने होत. तेव्हा ती पाहणारा डोळा तेथे असला पाहिजे.

त्या डोळ्याने काय शोधावे ? सोने नव्हे. जाड लाल खापराचा कुंभाचा टोकदार बूड, दोन कानांचा तुटलेला गळा, अकीक व कार्नेलियनचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, काळ्या पडलेल्या शिशाच्या वा पोटीनच्या चकत्या. रोमक मद्यकुंभ, ज्यांस ‘ॲम्फोरा’ म्हणतात, त्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. पश्चिम भारतात पूर्वी रोमक ठरविलेली अनेक खापरे प्रत्यक्षात इराणी आखाताकडील लांबट, कान नसलेल्या कुंभांची आहेत, असे रोबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिले आहे. त्या कुंभांना आतून डांबरासारखा काळा लेप असतो. म्हणून खापर घासूनपुसून स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. लेप गेला की ओळख गेली. आणखी एक सूचना आपल्याच लोकांसाठी. सातवाहन नाण्यांवरील तीन कमानींच्या चिन्हास जुने लेखक ‘चैत्य’ म्हणत. अनेक नाणकशास्त्रज्ञ ते डोंगराचे चिन्ह मानतात. केवळ त्या चिन्हावरून नाणे ‘बौद्ध’ ठरवू नये. बौद्ध इतिहासास कच्च्या पुराव्याची गरज नाही.

कायद्याची बाजू प्रत्येक संग्राहकास ठाऊक असावी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास निधीवरील हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. उलट, कळविणाऱ्याचे हक्क कायदा मान्य करतो. शासनाने निधी घ्यावयाचे ठरविले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. ग्रामीण भागात ही तरतूद फारशी कोणी सांगत नाही. त्यामुळे भीतीपोटी नाणी रातोरात सोनाराच्या मुशीत जातात. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असून परवान्याविना तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. पाले लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तेथे कुदळ मारणे, मग हेतू कितीही श्रद्धेचा असो, गुन्हा आहे.

वस्तू हाती आलीच तर ती चिंचेने, लिंबाने वा राखेने घासू नये. वजन सोनाराच्या काट्यावर करावे, व्यास मोजावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोजपट्टी ठेवून घ्यावे. शिशाची नाणी लाकडी पेटीत ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांची पांढरी भुकटी होते. प्रत्येक वस्तूस स्वतंत्र कागदी पाकीट द्यावे. पाकिटावर पेन्सिलीने गाव, वाडी, शेताचा गट क्रमांक, जमिनीखाली किती हात, सोबत काय होते आणि दिनांक एवढे लिहावे, आणि ते लिहिण्याचे काम वस्तू जागेवरून हलविण्याआधी करावे.